हद्दीबाहेरची मुलं

त्या आरोग्य केंद्रात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. धाकट्या सिस्टर कुणी नव्हत्याच. धाकटीची जागा कधीपासून रिकामी होती हे आता कुणाला आठवतही नव्हतं. तिच्या टेबलावर औषधांची खोकी रचलेली असायची आणि तिच्या वाटणीचं काम मोठ्या सिस्टरांच्या अंगावर. डॉक्टर निम्मा आठवडा दुसऱ्या केंद्रावर असत. राहिला शिपाई, तो कानानं जड. एकूण काय, लस टोचायची सिस्टरांनी, बाळंतिणींच्या घरी जायचं सिस्टरांनी, आणि वर साहेबांची बोलणी खायची तीही सिस्टरांनीच.

म्हणून नर्सिंग कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी महिनाभर आले, तेव्हा डॉक्टर खूश झाले. तुम्हाला दहा हात मिळाले, म्हणाले. सिस्टरांच्या मते हात नव्हे, पाच तोंडं मिळाली होती. त्यातली एक उंच, काटकुळी मुलगी तर डोकं उठवायची. या गल्लीत दोनदा जायचं आणि त्या गल्लीत एकदाच का? हे घर आपलं आणि त्याच्या मागचं नाही, असं का? सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव शंकासूर ठेवलं. बाकीच्या चौघांना ते इतकं आवडलं की तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं. ती स्वतःही त्या नावाला ओ देऊ लागली.

केंद्राची हद्द सांडपाण्याच्या नाल्यापाशी संपायची. नाल्यापलीकडे उंच इमारतींचं बांधकाम चालू होतं. भोवती पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत, मागच्या अंगाला मजुरांच्या पत्र्याच्याच खोल्या. तिथली मुलं या केंद्राची नव्हती, कारण नाला. आणि पलीकडच्या केंद्राचीही नव्हती, कारण त्यांच्या मोजणीच्या वेळी तिथे नुसतं माळरान होतं. सिस्टरांनी एकदा बैठकीत हे विचारलं होतं. मोठे साहेब म्हणाले होते, सिस्टर, आपलंच आपल्याला पुरं पडत नाही. ते काही खोटं नव्हतं. तेव्हापासून सिस्टर त्या पत्र्याकडे डोंगराकडे बघावं तशा बघायच्या. आहे, असू दे.

त्या दिवशी विद्यार्थ्यांना नाल्याच्या अलीकडे घरोघर पाठवलं होतं. जेवायच्या वेळेला चौघे परतले, शंकासूर नव्हती. सिस्टरांनी डबा उघडला आणि ती आली. धापा टाकत, बूट चिखलानं भरलेले. नाला ओलांडून गेली होती हे सांगायची गरजच नव्हती.

सिस्टरांनी आधी तिला फैलावर घेतलं. कुणाला विचारून गेलीस, तुला काही झालं असतं तर तुझ्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवायचं, वगैरे. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सिस्टर, तिथे एक छोटी मुलगी आहे. मान सुजलीय, इतकी की हनुवटी कुठे संपते कळत नाही. मी तिला आ करायला लावलं. घशात राखाडी पापुद्रा आहे. कापसानं पुसायला गेले, तर निघाला नाही, रक्त आलं."

"श्वास?"

"आवाज येतोय. आत घेताना."

घटसर्प त्यांनी फार पूर्वी, शिकत असताना, एकदाच पाहिला होता. त्या मुलाची आई वॉर्डच्या दाराशी पायरीवर बसून होती, तेवढंच त्यांना आठवायचं. पुढचं त्या आठवत नसत.

त्यांनी डबा बंद केला. सगळ्यांना मास्क लावायला सांगितले आणि शंकासुराला म्हणाल्या की तूही आजपासून औषध घ्यायचंस, तिच्या तोंडावर वाकली होतीस ना. मुलीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिचा चेहरा क्षणभर उतरला.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले, मोठ्या रुग्णालयाशिवाय इलाज नाही. या जंतूंच्या विषावरचं इंजेक्शन तिथेच मिळेल आणि जितका उशीर तितका ते कमी उपयोगाचं. मग म्हणाले, "पण सिस्टर, ती जागा आपल्या..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. रुग्णालयाला मी कळवतो, तुम्ही निघा, एवढंच म्हणाले.

विद्यार्थ्यांना आणि शिपायाला घेऊन सिस्टर नाल्यापलीकडे गेल्या. गेटवर मुकादम होता. गडी अंगानं दांडगा, बोलायला मऊ. आत मशिनं चालू आहेत, बाहेरच्या माणसाला सोडता येत नाही, म्हणाला. मुलांना सर्दीपडसं होतच असतं. सिस्टरांनी त्याला घटसर्प म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं ऐकलं, घाम पुसला आणि आवाज खाली आणला. त्याचं म्हणणं असं, की हे बाहेर कळलं की काम बंद होईल, काम बंद झालं की ही सगळी माणसं रस्त्यावर, आणि त्यांच्याबरोबर तोही. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"मला फक्त एक मूल बघू द्या," सिस्टर म्हणाल्या. "सर्दी असेल तर मी तुमची माफी मागून परत जाईन."

मुकादमानं गेट उघडलं. त्याला बहुतेक स्वतःलाही ती सर्दीच असावी असं वाटत होतं.

खोल्यांच्या ओळीत शंकासुरानं दाखवलेलं दार बंद होतं. दारापुढे तीन-चार बायका उभ्या होत्या. इथे आजारी मूल नाही, एक जण म्हणाली. मघाशी या ताईंनी पाहिलं ते दुसऱ्या कुणाचं असेल. सिस्टरांनी समजावून पाहिलं. बायका जागच्या हलेनात. शेवटी त्यांतली वयानं मोठी बाई बोलली. मागच्या ठिकाणी अशीच माणसं आली होती, गोड बोलून सगळं विचारून गेली, आणि दुसऱ्या दिवशी खोल्यांवर बुलडोझर आला. तुम्ही चांगल्या असाल बाई, पण तुमच्या मागून कोण येतं ते तुम्हाला तरी कुठे माहीत असतं?

सिस्टर दाराकडे एक पाऊल सरकल्या. आणि तेवढ्यात तो आवाज ऐकू आला. बंद दाराआडून, बोथट करवत ओल्या लाकडात अडकावी तसा. एक श्वास, मग फार वेळ काही नाही, मग दुसरा.

बायकांनीही तो ऐकला होता, सकाळपासून ऐकत होत्या. शंकासूर पुढे झाली आणि दाराला तोंड लावून बोलू लागली. आतल्या आईला तिनं आजाराचं नावसुद्धा सांगितलं नाही. ती म्हणाली, "ताई, मी मघाचीच. मी हिच्याबरोबर येते. दवाखान्यात तुम्ही जिथे बसाल तिथे बसते. तुम्हाला हाकललं तर मलाही हाकलतील. पण आत्ता निघायला हवं, हो."

कडी निघाली.

मुलगी चारेक वर्षांची असेल. आई तिला छकुली म्हणत होती. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि ओठ निळसर पडले होते. सिस्टरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, कोणत्या केंद्राची केस?

सिस्टर थबकल्या. एक क्षणच, पण त्या क्षणात त्यांना सगळं दिसलं. साहेबांचा चढलेला आवाज, खुलाशाचं पत्र, आणि दोन वर्षांवर आलेली निवृत्ती. छकुलीच्या आईचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

"माझ्या केंद्राची," त्या म्हणाल्या. "लवकर पाठवा. मी गेटवर उभी आहे."

गाडी आली तेव्हा शंकासुरानं शब्द पाळला. छकुलीला मांडीवर बसतं धरून आई, आणि शेजारी ऑक्सिजनची नळी धरून ती. गाडी वळली आणि सिस्टरांना वाटलं, त्या पोरीच्या चष्म्यामागचे डोळे किती लहान दिसताहेत. आपल्या मुलीएवढीच तर आहे.

आता खरी धावपळ सुरू झाली. तिथे मुलं होती ती दहा-बारा नव्हेत, कितीतरी. कुणाला एक लस मिळालेली, कुणाला एकही नाही. त्यांच्या घशाचे नमुने घ्यायचे, औषध सुरू करायचं, लस टोचायची. औषध डॉक्टरांनी आपल्या दुसऱ्या केंद्रातून पाठवतो म्हणून सांगितलं. लशीचं काय करायचं? सिस्टरांनी मोठ्या साहेबांना फोन केला. साहेब तापले. लस मोजणीप्रमाणे मिळते, ती मुलं मोजणीत नाहीत, मागणी वर पाठवू, दोन-तीन दिवसांत बघू. आणि तुम्हाला हद्द सोडून जायला कुणी सांगितलं होतं?

दोन-तीन दिवस त्यांच्याकडे नव्हते. केंद्रातल्या फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीच्या सत्राची लस होती. ते सत्र मोठ्या कॉलनीतलं. फरशी घातलेलं सभागृह, खुर्च्या, पंखे. सिस्टरांची नणंद तिथेच राहायची आणि तिच्या नातवाचा डोस उद्याच होता. सिस्टरांनी शिपायाला खुणेनं आणि ओरडून सांगितलं की फ्रिजमधला सगळा साठा बर्फाच्या डब्यात घालून इथे आण. मग नणंदेला फोन केला.

"वन्सं, उद्याचं लसीकरण रद्द आहे. पुढच्या आठवड्यात होईल."

"अहो वहिनी, मी शेजारपाजारच्यांना सांगून बसलेय. घरच्या माणसाची एवढी सोय नाही बघता येत तुम्हाला?"

"तुमच्या नातवाला आठ दिवस उशीर झाला तर चालेल. त्याला आधीचे सगळे डोस मिळालेत. इथल्या पोरांना नाही."

नणंदेनं फोन ठेवला. हे पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात ऐकावं लागणार हे सिस्टरांना ठाऊक होतं. पण आत्ता त्याचा विचार करायलाही फुरसत नव्हती.

तेवढ्यात कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. कुणीतरी घरी कळवलं होतं आणि पालकांचे फोन सुरू झाले होते. मॅडमचं म्हणणं, मुलांना ताबडतोब परत पाठवा. साथीत काम करायला त्यांना आम्ही पाठवलेलं नाही. सिस्टरांनी चौघांना समोर उभं केलं आणि धोका काय, काळजी काय घ्यायची ते सांगितलं. ज्याला जायचं त्यानं जावं, मी एका शब्दानं बोलणार नाही. एक मुलगा गेला. त्याच्या घरी आजोबा आजारी होते आणि जाताना त्याला रडू येत होतं. सिस्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उरलेल्या तिघांनी हातमोजे चढवले.

ऊन उतरायला लागलं होतं. दोन खोल्या संपल्या, तिसरी चालू होती, आणि कुंपणाच्या आत एक ट्रक आला. रिकामा, मागची फळी पाडलेली. मुकादम ओळीच्या टोकाला जाऊन मोठ्यानं सांगू लागला. सामान भरा, दुसऱ्या साइटवर काम आहे, आत्ता निघायचं. मालकाचा हुकूम आहे.

बायका खोल्यांत शिरल्या आणि भांडी बांधू लागल्या. लस टोचून घ्यायला उभी असलेली रांग बघता बघता विरली. सिस्टरांच्या लक्षात आलं की हा ट्रक नुसती माणसं नेणार नाही. आज ज्याच्या घशात काही दिसत नाही ते पोर उद्या दुसऱ्या गावात गुदमरेल आणि तिथल्या कुणाला ते कळायचंही नाही. त्या मुकादमाकडे धावल्या. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही. सिस्टर पोलिसांना सांगते म्हणाल्या तशी एका बाईनं पोराला छातीशी ओढलं, आणि सिस्टरांनी तो शब्द पुन्हा काढला नाही.

मग त्या ट्रकवाल्याकडे गेल्या. इंजिन चालूच होतं. त्याला काही सांगितलेलं नसावं. खिडकीत कोपर टेकून तो मोबाइल बघत होता.

"दादा, या पोरांना घटसर्प झालाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नाही, पण कुणाला आहे आणि कुणाला नाही ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या घरी लहान मूल आहे?"

त्यानं फोन खाली ठेवला. "दोन आहेत."

"मग यांना नेऊन सोडल्यावर रात्री घरी जाऊन त्यांना उचलून घेणार का?"

तो सिस्टरांकडे बघत राहिला, मग मागे खोल्यांकडे. मग इंजिन बंद झालं. किल्ली खिशात घालून तो खाली उतरला आणि मुकादमाकडे न बघता गेटबाहेर चालता झाला. मुकादम त्याला हाका मारत राहिला. शेवटी तो एका खोक्यावर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "आता मालकाला काय सांगू?"

"सांगा, मोठ्या सिस्टरांनी अडवलं," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमचाही घसा दाखवा."

त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. ते बघून एक बाई खुदकन हसली आणि गाठोडं खाली ठेवून पोराला घेऊन पुढे आली. तिच्यामागे दुसरी आली.

अंधार पडता पडता शंकासुराचा फोन आला. सिस्टर दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून उभ्या राहिल्या. रुग्णालयाच्या दारातच छकुलीचा श्वास अडला होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे गळ्याला छेद देऊन नळी घातली, मग इंजेक्शन दिलं. आता श्वास चालू आहे. आईला कुणी हाकललं नाही. "सिस्टर, मी घाबरले होते," ती म्हणाली, "पण नळी धरायला मलाच सांगितलं."

सिस्टरांनी वळून बायकांना सांगितलं, छकुली आहे.

पण फोनमध्ये आणखी एक गोष्ट होती. छकुलीच्या आईनं वाटेत सांगितलं होतं की शेजारच्या खोलीतलं जोडपं पहाटेच निघून गेलं. त्यांचा मुलगा छकुलीबरोबर खेळायचा. त्याचाही घसा कालपासून दुखत होता.

सिस्टरांनी मुकादमाकडून त्या माणसाचा नंबर घेतला. फोन बंद. गावाचं नाव त्याला नीट ठाऊक नव्हतं, एकाच नावाची गावं ठिकठिकाणी होती. डॉक्टरांनी आजूबाजूच्या केंद्रांना कळवलं. शंकासुरानं तर तो नंबर जसा काही आपल्या अंगाला लावून घेतला. स्वतःच्या औषधाच्या गोळ्या घेत, वेगळ्या खोलीत राहून, ती रोज तो लावत होती.

पुढचे दिवस गेले ते नाकी नऊ आणत. नमुन्यांचे निकाल आले. आणखी दोन मुलांच्या घशात जंतू सापडले, पण औषध आधीच सुरू झालं होतं आणि दोघंही आता अंगणात धावत होती. बांधकाम आठवडाभर थांबलं. मालकानं आरडाओरडा केला, खोल्या मात्र जागेवर राहिल्या. डॉक्टरांनी साहेबांना लिहून दिलं होतं की ही माणसं हलवली तर साथीची जबाबदारी हलवणाऱ्याची. साहेब स्वतः येऊन बघून गेले. सिस्टरांना खुलाशाचं पत्र आलंच. आणि त्याच पाकिटातून नाल्यापलीकडच्या मुलांसाठी लशीची मंजुरीही आली. दोन्हींवर सही एकाच माणसाची. सिस्टरांना हसावं की रडावं कळेना.

मग एका दुपारी तो फोन लागला. सिस्टर आणि शंकासूर मजुरांच्या वस्तीत पुढच्या डोससाठी आल्या होत्या. पलीकडून त्या मुलाचा बाप बोलला. शंकासुरानं फार थोडं विचारलं. मग नुसतं हो, हो म्हणत राहिली आणि फोन ठेवला. मुलगा गावी पोहोचण्याआधीच, गाडीत, आईच्या मांडीवर गेला होता.

"मी एक दिवस आधी नाला ओलांडला असता तर," ती म्हणाली.

सिस्टरांनी लशीचा बर्फाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू इथे दहा दिवस होतीस. मी नऊ वर्षं आहे. या हिशोबात माझ्या आधी तुझा नंबर लागत नाही." तिचा खांदा धरून म्हणाल्या, "रडायचं तर रड. पण ही बातमी या बायकांना आपण सांगायची. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

त्यांनी बायकांना खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत बसवून सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. कुणी रडलं, कुणी पदर तोंडाला लावला. ते मूल सगळ्यांच्याच दारात खेळलेलं होतं. मोठी बाई सिस्टरांचा हात धरून बसून राहिली.

बायका उठल्या तेव्हा एक तरुण बाई मागे राहिली. ती आजवर कुणाच्या नजरेत भरली नव्हती. इतके दिवस तिनं सांगितलं होतं की मी इथे एकटीच असते. ती आपल्या खोलीत गेली, आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर एक दीड वर्षाचं बाळ होतं. इतके दिवस आत ठेवल्यामुळे उजेडात डोळे मिटणारं. ती मान खाली घालून म्हणाली, घेऊन जातील असं वाटलं होतं.

तिला कुणी बोललं नाही. सिस्टर खाली बसल्या, बाळाला आईच्या मांडीवर आडवं केलं आणि शंकासुराला उजेड धरायला सांगितला. मुलीनं डोळे पुसले आणि वाकली. बाळानं आधी ओठ घट्ट मिटले, मग भोकाड पसरलं.

रडणाऱ्या तोंडात दोघींनी डोकावून पाहिलं. घसा गुलाबी होता, स्वच्छ.

"डबा आण," सिस्टर म्हणाल्या.